दहा वर्षांची पावती आणि पहिला नंबर

देवळाली प्रवरा आणि आसपासची गावे म्हणजे प्रवरेच्या पाटाचा मुलूख. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, आणि पाटाच्या पाण्याने इकडची शेती पालटली. आता घटकाभर असे धरा, की एखाद्या बागाईतदाराने दहा वर्षांची पाणीपट्टी आगाऊ भरून टाकली. तेवढ्याने त्याचा ऊस शेजाऱ्याच्या उसाहून उंच वाढेल काय? तुम्ही हसाल. म्हणाल, ऊस वाढतो तो मशागतीने, पावतीने नव्हे. अगदी बरोबर. पण असाच एक सौदा इंटरनेटच्या बाजारात चांगल्या शहाण्या माणसांच्या गळ्यात पडतो. त्याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

शाळेचे किंवा शेतकरी गटाचे संकेतस्थळ काढायचे, तर त्याला एक नाव घ्यावे लागते. त्याला डोमेन म्हणतात. हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी नोंदवून मिळते. 'डॉट इन' या आपल्या देशाच्या नावांची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते. तिथे एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत नोंद करता येते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असेही नाव घेता येते.

आता नाव विकणारा म्हणतो, "गुरुजी, एक वर्षाचे कशाला? दहा वर्षांचे घ्या. गुगलमध्ये तुमचे नाव वर येईल." गुरुजींना वाटते, खरेच असेल!

ही समजूत आली कुठून? गुगलने डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत एका पेटंटसाठी अर्ज केला. तो मार्च २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असा विचार मांडला होता, की भरवशाची नावे पुष्कळदा अनेक वर्षांसाठी नोंदलेली असतात, तर फसवणुकीची नावे वर्षाच्या आतच टाकून दिली जातात. तेव्हा मुदतीवरून काही अंदाज बांधता येईल. एवढेच. पण पेटंटात लिहिलेली प्रत्येक गोष्ट वापरात येतेच असे नाही. पुढे गुगलच्या वतीने अशा शंकांना उत्तरे देणारे मॅट कट्स आणि जॉन म्यूलर यांनी या समजुतीला दुजोरा दिला नाही. शिवाय साधा विचार करा. जर्मनीच्या 'डॉट डीई' नावांची मुदत जाहीर यादीत दाखवलीच जात नाही. जी गोष्ट सगळ्यांची कळत नाही, तिच्यावरून सगळ्यांना गुण द्यायचे कसे? आणि पैसे भरून पहिला नंबर मिळू लागला, तर लबाड माणूस सर्वांत आधी पैसे भरील!

मग नाव वर येते कशाने? मजकुराने. समजा, तुम्ही पानावर नुसते 'देवळाली' लिहिले. देवळाली एक का आहे? नाशिकजवळची छावणीची देवळाली तर सर्वांना ठाऊक. शोधणाऱ्या यंत्राने ओळखायचे कसे? म्हणून 'देवळाली प्रवरा, तालुका राहुरी' असे पुरते लिहा. शाळेत कोणते वर्ग आहेत, प्रवेश केव्हा, गटाकडे कोणता माल, कोणत्या महिन्यात, हे सोप्या मराठीत लिहा. माहिती ताजी ठेवा. पान साध्या मोबाईलवर चटकन उघडेल असे पाहा. आणि दुसऱ्या भल्या संकेतस्थळांनी तुमच्याकडे बोट दाखवावे, असे काम करा.

मग जास्त वर्षांची नोंद अगदीच वाया जाते काय? तसेही नाही. तिचा उपयोग राखणीसाठी आहे. मुदत संपली, सवलतीचे दिवसही उलटले, की ते नाव मोकळे होते, कोणीही उचलावे. मग मुलांचे पालक शाळेचे नाव टाकतात आणि समोर उघडते जुगाराची जाहिरात! हा धोका खरा आहे. दरवर्षी पैसे भरण्याची आठवण राहत नसेल, तर तीन किंवा पाच वर्षांची नोंद खुशाल करा. मात्र ती नाव राखण्यासाठी, नंबरासाठी नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: सातबारा कोणाच्या नावावर आहे हे आपण पाहतो ना? तसेच इथेही पाहा. नोंद शाळेच्या किंवा गटाच्या नावावर हवी. ज्याने संकेतस्थळ बांधून दिले त्याच्या नावावर नको. मुदतीची सूचना ज्या पत्त्यावर येते, तो पत्ता बदली होऊन गेलेल्या शिक्षकाचा नाही ना, तेही तपासा.

तेव्हा, शिक्षक बंधुभगिनींनो आणि शेतकरी मित्रांनो, उद्या सवड काढून एवढे पाहा: नोंद कोणाच्या नावावर, मुदत कधी संपते, सूचना कोणाकडे येते. मग जे पैसे वाचतील ते मजकुरावर खर्च करा. पाणीपट्टी भरलीच पाहिजे, हो. पण खुरपणीला पर्याय नाही.