शाळेत गेलेला जुना पैसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु फडताळातल्या वस्तूंविषयी आपण सर्वजणी बोलू शकतो, म्हणून उभी राहिले.

चौथीत आपल्या मुलांना शिवछत्रपतींचा इतिहास असतो. मुले सनावळ्या घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. यंदा शाळेतल्या बाईंनी घरातली एकेक जुनी वस्तू आणायला सांगितली. मी सासूबाईंच्या डब्यातली शिवराई व एक भोकाचा पैसा घेऊन गेले आणि बाईंना विचारून वर्गात मागे बसले.

मुलांनी शिवराई उजेडात तिरकी धरून स्वतःच वाचली. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. बाई म्हणाल्या, "त्या काळी मोगलांच्या नाण्यांवर फारसी अक्षरे असत. १६७४ साली महाराजांना राज्याभिषेक झाला आणि ही पदवी आपल्या नागरी अक्षरांत नाण्यावर आली." एका मुलीने विचारले, "मग हे नाणे महाराजांच्याच वेळचे का?" बाईंनी खरे ते सांगितले. शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जाई. नुसत्या नावावरून काळ ठरत नाही, अक्षरांचे वळण पाहावे लागते. पुरावा तपासायचा असतो, हे मुलांना तिथेच कळले.

भोकाच्या पैशावर १९४३ साल होते. भोक कशाला? एकजण म्हणाला, "दोऱ्यात ओवायला!" खरे कारण महायुद्धात पडलेली तांब्याची टंचाई. दूरदेशीचे युद्ध आपल्या आजीच्या कनवटीपर्यंत कसे पोचले, हे त्या भोकाने दाखविले.

भगिनींनो, या वस्तू आपल्याच हातून नाहीशा होतात. दिवाळीच्या आवराआवरीत शेर-पायलीची मापे, समया मोडीत जातात. नाणी चिंचेने घासली की अक्षरेही झिजतात. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात तरी काय आहे? अडकित्ते, दिवे, भांडी, आपल्याच घरातल्या वस्तू.

म्हणून एक विनंती. मोडीत घालण्यापूर्वी वस्तू शाळेला एकदा दाखवा. तिच्यासोबत चिठ्ठी ठेवा: कोणाची, कुठल्या गावची, कशासाठी वापरीत. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. ती माणसे आहेत तोवर विचारून घ्या.