रँडवर गोळी का झाडली गेली?



राजकीय खून झाला की दोन आवाज लगेच उठतात. सरकार म्हणते, माथेफिरूचे काम. आपल्यातलाच कोणी म्हणतो, वा रे पठ्ठ्या! आम्हांला ही दोन्ही उत्तरे पुरत नाहीत. माणूस हातात पिस्तूल घेतो तो काय म्हणून, हे एकदा नीट बघू या. पुण्याचीच गोष्ट घ्या.

1897 साली पुण्यात प्लेग. बंदोबस्ताला नेमलेला अधिकारी रँड. घरे तपासायला गोरे सोल्जर. ते बुटांनिशी माजघरात, देवघरात शिरत. सामान रस्त्यावर काढून जाळत. रोगी वेगळा ठेवणे, घर धुऊन काढणे जरूर होते, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याच्या घरात हे चालले होते त्याच्या तक्रारीला दाद नव्हती. 22 जूनच्या रात्री राणीच्या राज्याचा हीरकमहोत्सव साजरा करून गाड्या गणेशखिंडीहून परतत होत्या. दामोदर चापेकराने रँडवर गोळी झाडली, भाऊ बाळकृष्णाने आयर्स्टवर. आयर्स्ट तेव्हाच गेला, रँड 3 जुलैला.

झाले? जुलूम झाला म्हणून खून झाला? इतके सरळ असते, तर ज्या हजारो घरांची झडती झाली त्या हजारो घरांतून पिस्तुले निघाली असती. निघाली ती एका घरातून आणि दोनचार सोबत्यांकडून. मग त्यांच्यात वेगळे काय होते? अंदाज बांधायला नको, दामोदराने तुरुंगात स्वतःच लिहून ठेवले आहे. चिंचवडच्या कीर्तनकाराची ही पोरे. दामोदराला लष्करात शिरायची भारी हौस. ती पुरी झाली नाही. पुण्यात प्लेग यायच्या आधीच, 1896 साली, मुंबईत राणीच्या पुतळ्याला त्यांनी डांबर फासले होते. आणि राग फक्त इंग्रजावर नव्हता. सुधारकांवरही तितकाच दात. त्यांना मारहाण केल्याचेही त्याने लिहिले आहे. म्हणजे बार आधीच ठासलेला होता. प्लेगने बत्ती दिली.

हे बोलले की काही मंडळी रागावतात, हुतात्म्याला उणे बोलता म्हणून. उणे नाही बोलत. 1898 आणि 1899 मिळून एका आईची तीन पोरे फासावर गेली, त्यांची छाती आम्ही कोण मोजणार! पण पुढची गोळी कोणाला लागली, हेही बघा. फेब्रुवारी 1899 मध्ये द्रविड बंधू मारले गेले. फितूर खरे, पण पुण्याचेच. आणि खुनानंतर सरकारने लोकमान्यांवर राजद्रोह लावून दीड वर्षाची सजा दिली.

आता मुंबईत या. ऑक्टोबर 1896. सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. त्यांच्यात गुप्त मंडळ नव्हते, की धर्माचा डंका नव्हता. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, ही धास्ती होती. बायको इथे, नवरा तिथे, मढे कोण उचलणार? भ्यालेला माणूसही दगड उचलतो. हे कारण पुस्तकांत फार येत नाही, पण चाळीत राहिलेल्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

1908 साली मुजफ्फरपूरला बाँब पडला. रोख एका न्यायाधीशावर होता, मेल्या दोन बायका. लोकमान्यांनी 'केसरी'त लिहिले की जुलमी कारभारातून बाँब निपजतो. दडपशाही हा त्यावर टिकाऊ उपाय नव्हे. एवढ्यावर 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा! मुंबईच्या कामगाराने सहा वर्षांना सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. दगड तेव्हाही पडले, लष्कराच्या गोळ्याही सुटल्या. पण त्या सहा दिवसांत राग चारचौघांच्या खोलीत कोंडला नव्हता. तो रस्त्यावर होता, शेजारच्या माणसाला ठाऊक होता.

21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. पंधरा माणसे गेली. चळवळ संपेपर्यंत आकडा शंभरावर गेला. त्या रात्री किती पोरांच्या मनात दामोदर येऊन गेला असेल! जुलूम कमी नव्हता, अपमान कमी नव्हता. पण दामोदराजवळ जे नव्हते ते या पोरांजवळ होते. दाराशी युनियनचा माणूस होता, संध्याकाळी सभा होती, आणि हातात मत होते. 1957 च्या निवडणुकीत तोच राग मतपेटीत पडला, आणि पश्चिम महाराष्ट्रात भलेभले काँग्रेसवाले आडवे झाले.