मेबेलिनचे तीन धनी



1955 साली अमेरिकेत ‘मेबेलिन’ नावाचं गाणं गाजलं. गाडीतून पळणारी प्रेयसी आणि तिच्यामागे फोर्ड दामटणारा प्रियकर, एवढंच कथानक. लिहिलं चक बेरीनं, एकट्यानं. पण कागदोपत्री त्याचे गीतकार झाले तिघे!

बेरी सेंट लुईसचा. वडिलांच्या हाताखाली सुतारकाम केलेला, केशभूषेचं रीतसर शिक्षण घेतलेला. नदीपलीकडे ईस्ट सेंट लुईसमधल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात तो जॉनी जॉन्सन या पियानोवादकाच्या साथीनं वाजवायचा. श्रोते बहुतेक कृष्णवर्णीय, आणि हा गडी मध्येच गोऱ्या खेडुतांची गाणी सुरू करायचा. लोक आधी हसत, मग त्याच गाण्यांची फर्माईश करून नाचत. ‘आयडा रेड’ हे त्यातलंच एक जुनं गाणं. त्याच्या धर्तीवर बेरीनं स्वतःचं गाणं रचलं.

मे महिन्यात तो शिकागोला गेला. ब्लूजचे दादा गायक मडी वॉटर्स यांनी त्याला लेनर्ड चेस यांचा पत्ता दिला. चेस यांची कंपनी ब्लूजसाठी प्रसिद्ध, म्हणून आपलं ब्लूजच त्यांना भावेल असा बेरीचा हिशेब. चेसना आवडलं ते नेमकं खेडवळ वळणाचं गाणं! फक्त नाव बदला, म्हणाले. नवं नाव आलं कुठून? जॉन्सन सांगे, स्टुडिओत पडलेल्या मस्काऱ्याच्या डबीवरून. बेरी सांगे, शाळेच्या पुस्तकातल्या गाईवरून. मला आपली गाय पटते.

21 मे रोजी ध्वनिमुद्रण झालं. आता तबकडी वाजवणार कोण? न्यूयॉर्कच्या रेडिओवर तेव्हा ॲलन फ्रीड यांची चलती होती. त्यांनी ती भरपूर वाजवली, आणि गीतकारांत त्यांचं नाव लागलं. तिसरं नाव रस फ्रॅटो यांचं. चेस यांच्याशी त्यांचं पैशांचं देणंघेणं होतं. मानधनाचा हिशेब हाती आला तेव्हा कुठे बेरीला हे भागीदार कळले.

रेडिओवर बसून हे सांगताना थोडं ओशाळायला होतं. पण फ्रीड यांना निव्वळ लुटारू ठरवणं मला जमत नाही. कृष्णवर्णीयांची गाणी गोऱ्यांकडून पुन्हा गाऊन घेऊन तीच वाजवायची, असा तेव्हाचा शिरस्ता. फ्रीड मूळ गायकाचीच तबकडी लावत. ‘मेबेलिन’ रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं, आणि गोऱ्यांच्या बाजारपेठेची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पॉपच्या यादीतही पाचव्या क्रमांकावर पोचलं. पुढे गाणी वाजवण्यासाठी लाच घेतल्याच्या प्रकरणात फ्रीड यांची कारकीर्द बुडाली. 1962 मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, 1965 मध्ये ते वारले.

गाण्याचे पूर्ण हक्क बेरीकडे परतले ते 1986 साली. त्याच वर्षी रॉक अँड रोलच्या सन्मानदालनात पहिल्यावहिल्या मानकऱ्यांची निवड झाली. त्या यादीत चक बेरी होता, आणि ॲलन फ्रीडही.