‘नाही’ म्हणण्याचा हक्क



कामगार चळवळीतल्या माणसाने व्यासपीठावर उभे राहून बोनस, महागाईभत्ता यांविषयी बोलावे, अशी रीत आहे. आज आम्ही जिम्नॅस्टिक्सवर बोलणार हे ऐकून पुष्कळांना नवल वाटले असेल. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. कोलांटी म्हणाल तर ती आम्हाला कधीच धड जमली नाही. पण शरीर हेच ज्याचे भांडवल, अशा माणसांत आमची तीस वर्षे गेली. जिम्नॅस्ट मुलगी ही त्याच बिरादरीतली, एवढाच आमचा अधिकार.

२७ जुलै २०२१ रोजी टोकियोत ऑलिंपिकची सांघिक अंतिम फेरी चालू होती. अमेरिकेची सिमोन बाइल्स व्हॉल्टकडे धावत आली. २०१६ साली रिओमध्ये चार सुवर्णपदके जिंकलेली ही बाई. हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या ठरल्या होत्या. दीडच झाली आणि ती कशीबशी पायांवर उतरली. त्यानंतर तिने सांगितले की आज आपण पुढे खेळणार नाही. हवेत असताना वर कोणते आणि खाली कोणते याचे भानच सुटते, असा एक प्रकार या खेळात आहे. खेळाडू त्याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. जमिनीवर भान सुटले तर माणूस खाली बसतो, पण हवेत सुटले तर मानेवर पडतो. उरलेल्या तिघींनी सामना पुरा केला आणि रौप्यपदक मिळवले.

जगभर गदारोळ झाला. कोणी तिला धीराची म्हणाले, तर कोणी पळपुटी. पळपुटी म्हणणाऱ्यांनी एका जुन्या प्रसंगाचा दाखला दिला. १९९६ साली अटलांटात केरी स्ट्रग ही अठरा वर्षांची मुलगी पहिल्या उडीत घोटा दुखावून बसली. तरी तिने दुसरी उडी मारली, एका पायावर उभी राहिली आणि मग कोसळली. प्रशिक्षकाने तिला उचलून आणले. अमेरिकेच्या मुलींना पहिले सांघिक सुवर्ण मिळाले. नंतर आकडेमोड झाली तेव्हा दिसले की ती दुसरी उडी मारली नसती, तरी सुवर्ण त्यांचेच होते.

तो प्रसंग आम्ही टीव्हीवर पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. वास्तविक टाळ्या वाजवण्याचा हक्क आम्हाला नव्हता. तो का, ते सांगतो.

१९९३ सालची गोष्ट. आम्ही एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो. शेजारच्या मशीनवरचा सोबती सकाळपासून सांगत होता, “प्रेस दोनदा मारते आहे, मी बसत नाही.” फोरमनने त्याला दटावले. मग तो आमच्याकडे आला. आम्ही काय म्हणालो? “एवढी पाळी काढ, उद्या आपण साहेबाकडे जाऊ.” दुपारी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्याला दवाखान्यात नेताना तो आम्हाला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. आमची सारी युनियनगिरी त्या दुपारपासून सुरू झाली. ‘एवढी पाळी काढ’ हे वाक्य कोणी उच्चारले की आजही आम्हाला ती बोटे दिसतात.

जिम्नॅस्टिक्समध्ये हे वाक्य शतदा उच्चारले गेले आहे. सोव्हिएत संघाची येलेना मुखिना १९७८ साली जगज्जेती झाली. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला. तो पुरता सुधारण्याआधीच तिला मॉस्को ऑलिंपिकच्या तयारीला जुंपले. ‘थॉमस साल्टो’ नावाची एक कसरत तिला करायची होती. तीत मान वाचवायला अगदी थोडी जागा असे. या उडीने माझी मान मोडेल, असे तिने प्रशिक्षकाला सांगितले होते, पण ते कोणी मनावर घेतले नाही. जुलै १९८० मध्ये, ऑलिंपिक दोन आठवड्यांवर असताना, सरावात ती हनुवटीवर पडली आणि मान मोडली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढची सव्वीस वर्षे तिने अंथरुणात काढली आणि २००६ साली ती वारली. ती कसरत पुढे बंद झाली. आमच्याकडेही बोटे गेल्यावरच मशीनला जाळी बसते!

आता गुणांचे अर्थकारण पाहा. पूर्वी दहापैकी गुण मिळत. १९७६ साली माँट्रिऑलमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला पूर्ण दहा मिळाले, तेव्हा गुणफलकावर ‘१.००’ उमटले, कारण दहा दाखवायची त्याची सोयच नव्हती. २००६ पासून ही पद्धत गेली. आता कसरत जितकी कठीण, तितके गुण जास्त, आणि त्याला वरची मर्यादा नाही. सफाईचे गुण निराळे. आमच्या भाषेत ही नगावरची मजुरी झाली. नगाचा दर वाढला की कामगार जाळी काढून काम करतो. त्याला कोणी ढकलावे लागत नाही, दरच ढकलतो.

आपल्या त्रिपुरातील दीपा कर्माकर हिची ‘प्रोदुनोव्हा’ उडी अशाच दराची होती. हात टेकून पुढच्या दोन कोलांट्या घ्यायच्या आणि जमीन न दिसता उतरायचे. २०१६ साली रिओमध्ये तिला १५.०६६ गुण मिळाले, ती चौथी आली आणि कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकले. २०१७ मध्ये तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीच्या नव्या नियमावलीत त्या उडीचा दर कमी केला गेला. तिच्या हिमतीला आमचा मुजरा आहे. २०२४ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि मग निवृत्ती घेतली. परंतु साधनांची वाण असलेल्या देशातल्या मुलीला वर यायला सर्वांत धोक्याचाच रस्ता का सापडावा, हा प्रश्न आम्हाला छळतो. गरिबाच्या वाट्याला धोक्याचे खाते येते, तसेच हे नव्हे काय?

कोणी म्हणेल, त्रास सोसल्यावाचून विद्या येत नाही. कबूल. आपल्या तालमीत मल्लखांबावर कातडी सोलवटल्याशिवाय पोरगा तयार होत नाही. पण सोसणे निराळे आणि सोसायला लावून तोंड बंद करणे निराळे. हा फरक केवढा असतो, ते अमेरिकेत दिसले. राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षे मुलींवर लैंगिक अत्याचार करीत राहिला. २०१५ मध्ये तक्रार हाती आल्यावर तिथल्या महासंघाने पोलिसयंत्रणेला कळवायला पाच आठवडे लावले. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणी न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. बाइल्सही त्याच्या अत्याचाराला बळी पडली होती. ब्रिटनमध्ये २०२२ साली व्हाइट समितीचा अहवाल आला, तिच्यापुढे चारशेहून अधिक निवेदने आली होती. पोटाला चिमटा, दुखापतीवर सराव, रडलीस तर शिक्षा, हेच त्यांत सापडले. दुखते म्हणायची ज्या मुलीला बंदी, तिला अत्याचार झाला हे सांगायला तोंड कोठून फुटणार?

बाइल्स ‘नाही’ म्हणाली तेव्हा तिच्या पाठीशी पदके होती. तेरा वर्षांच्या पोरीपाशी काय असते? म्हणून हा हक्क एकट्यादुकट्याच्या हिमतीवर सोडता येत नाही, त्याला नियमाचा आधार लागतो. डॉक्टर प्रशिक्षकाच्या हाताखालचा नसावा. तक्रार ऐकणारा संघटनेबाहेरचा असावा. सरावाच्या हॉलचे दार आईबापांना बंद नसावे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात एक कलम आले होते. धोकादायक कामातल्या कामगाराला धोका दिसला, तर तो कळवण्याचा हक्क त्याला त्या कलमाने दिला. कामगाराला हे मिळायला हजारो जीव गेले. पोरींनी किती माना मोडायच्या?

आणि ‘नाही’ने खेळ बुडतो, असेही नाही. टोकियोत बाइल्स आठवड्याने परत आली आणि तिने बॅलन्स बीमवर कांस्यपदक घेतले. २०२४ साली पॅरिसमध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तिने तीन सुवर्णपदके जिंकली. त्या दिवशी ती थांबली नसती, तर कदाचित पॅरिस उजाडलेच नसते.

आपल्यापैकी कित्येकांच्या मुली संध्याकाळी जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला जातात. त्यांनी जरूर जावे, पडावे, उठावे. मात्र एखाद्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली, “आज नको, भीती वाटते,” तर एवढी एक पाळी काढ, असे तिला म्हणू नका. आम्ही ते एकदा म्हटले आहे.