हरवलेली फाइल आणि कोरे यंत्र

(कार्यालयीन संगणक-व्यवस्था सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकताना काहीसा रूक्ष वाटेल. संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची पुनर्बांधणी करणारे साधन दुसऱ्या यंत्रावरून चालवीत असता एखादी लायब्ररी फाइल सापडत नाही, अशा वेळी काय करावे, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु आपल्या कार्यालयाच्या खिडकीपाशी दाखल्यासाठी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो लहान नाही. पडद्यावर 'अमुक फाइल या संगणकावर नाही' असा संदेश आला की त्या माणसाचा दिवस वाया जातो. चूक मात्र कित्येकदा आठवडाभर आधी, दूरच्या एका खोलीत, आपणांपैकीच कोणीतरी केलेली असते. ती कशी होते आणि कशी टाळावी, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम लायब्ररी फाइल म्हणजे काय ते पाहू. पूर्वी आपल्या गावांतून लग्नकार्याची मोठी पातेली, घंगाळी, परात ही भांडी देवळात ठेवलेली असत. ती साऱ्या गावाची. प्रत्येक घराने शंभर पानांचा स्वयंपाक होईल एवढे पातेले विकत घेण्याचे कारण नसे. कार्य निघाले की देवळातून आणावे, कार्य उरकले की घासूनपुसून परत ठेवावे. विंडोज प्रणालीतील 'डीएलएल' नावाच्या फाइली या अशाच गावभांड्यांसारख्या आहेत. चौकट काढणे, अक्षरे छापणे, आकडेमोड करणे ही कामे प्रत्येक प्रोग्रामने स्वतंत्रपणे लिहून न घेता एका सामायिक फाइलीतून उसनी घ्यावीत, ही कल्पना १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्या काळी स्मरणजागा अत्यंत महाग होती, त्यामुळे ही काटकसर आवश्यकच होती.

पण सामायिक वस्तूचे दुखणेही सामायिक असते. एकाने देवळातले पातेले नेऊन त्या जागी आपले लहान पातेले ठेवले, तर पुढच्या कार्याची पंचाईत होते. १९९० नंतरच्या दशकात नेमके हेच घडू लागले. नवा प्रोग्राम बसविताना तो जुन्या फाइलीवर आपली फाइल लादी आणि काल सुरळीत चाललेला दुसरा प्रोग्राम आज बंद पडे. तंत्रज्ञांनी या अवस्थेला 'डीएलएल हेल', म्हणजे डीएलएलचा नरक, असे नाव दिले होते. पुढे विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या महत्त्वाच्या फाइलींना संरक्षण मिळाले आणि २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये एकाच फाइलीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदविण्याची सोय झाली. नरक बराचसा निवला. परंतु 'फाइल नाही' हे दुखणे मात्र उरले.

आता पुनर्बांधणीकडे वळू. एखादे सॉफ्टवेअर शेकडो यंत्रांवर बसवायचे असेल, तर प्रत्येक ठिकाणी माणूस पाठवून 'पुढे', 'पुढे', 'समाप्त' ही बटणे दाबीत बसणे परवडत नाही. १९९९ साली ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर आला आणि 'एमएसआय' या ठराविक साच्यातील पॅकेज मुकाट्याने, कोणास काही न विचारता बसविता येऊ लागले. ज्या सॉफ्टवेअरचे असे पॅकेज मिळत नाही, त्याचे आपण स्वतः तयार करतो. त्याची प्रचलित रीत पंचनाम्यासारखी आहे. प्रथम एका कोऱ्या यंत्राची संपूर्ण मोजदाद करावयाची: कोणत्या फाइली आहेत, रजिस्ट्रीत कोणत्या नोंदी आहेत. मग त्यावर सॉफ्टवेअर बसवावयाचे. नंतर पुन्हा मोजदाद करावयाची. दोन्ही याद्यांमधील जो फरक, तेच ते सॉफ्टवेअर. तो फरक बांधून ठेवला की झाले पॅकेज.

या रीतीचे सारे यश 'कोरे यंत्र' या दोन शब्दांवर अवलंबून आहे. पहिल्या मोजणीच्या वेळी जे यंत्रावर आहे, ते पॅकेजमध्ये येत नाही. म्हणूनच मोजदाद करणारे साधनसुद्धा त्या यंत्रावर बसवू नये, असा दंडक आहे. साधन दुसऱ्या संगणकावर बसवावे, त्याचा फोल्डर नेटवर्कवर सामायिक करावा आणि कोऱ्या यंत्रावरून तेथूनच ते चालवावे. यालाच दूरस्थ पुनर्बांधणी म्हणतात.

अडचण येथेच उभी राहते. साधन ज्या संगणकावर रीतसर बसविले, तेथे त्याच्या बसवणुकीच्या कार्यक्रमाने आवश्यक त्या लायब्ररी फाइली त्या संगणकाच्या सिस्टिम फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. सामायिक फोल्डरमध्ये केवळ साधन असते. कोऱ्या यंत्रावरून आपण ते चालविले की प्रोग्रामची फाइल नेटवर्कवरून येते, पण चालते कोऱ्या यंत्राच्या स्मरणात आणि लायब्ररी शोधते कोऱ्या यंत्राच्या सिस्टिम फोल्डरमध्ये. तेथे ती कोठून असणार? परगावचा आचारी रिकाम्या हाताने आला आणि तुमच्या घरात झारा मागू लागला, असा हा प्रकार. तुमचे घर तर मुद्दाम रिकामे ठेवलेले!

अशा वेळी घाईने दोन चुकीचे उपाय केले जातात. पहिला, त्या नावाची फाइल इंटरनेटवरील कोठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेण्याचा. तो सर्वथा त्याज्य आहे. त्या फाइलीत काय दडले आहे आणि ती कोणत्या आवृत्तीची आहे, याची कोणतीच शाश्वती नसते. दुसरा उपाय वरवर निर्दोष दिसतो: निर्मात्याचा अधिकृत रनटाइम संच कोऱ्या यंत्रावर बसवून टाकावा. साधन तत्काळ चालू लागते आणि आपणांस हायसे वाटते.

मित्रहो, ही दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. महिनाअखेर जवळ आली होती, पॅकेज तातडीने हवे होते. साधन व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम फाइल मागू लागले. मी तो संच कोऱ्या यंत्रावर बसविला आणि काम पुरे केले. ज्या सॉफ्टवेअरचे पॅकेज करावयाचे होते, त्यालाही तोच संच लागत होता. पण त्याच्या बसवणुकीच्या कार्यक्रमाने पाहिले की संच येथे आधीच आहे, आणि तो टप्पा त्याने गाळला. दोन्ही मोजण्यांत संच सारखाच दिसला. फरकात तो आला नाही. पॅकेजमध्ये तो शिरला नाही. माझ्या यंत्रावर चाचणी उत्तम झाली, कारण तेथे संच होताच. सोमवारी सकाळी ज्या यंत्रांवर तो नव्हता, तेथे तेथे तोच संदेश उमटला. सेवानिवृत्तिवेतनाच्या कामासाठी आलेले एक वृद्ध गृहस्थ त्या आठवड्यात दोनदा परत गेले, असे मला मागाहून कळले. त्यांना डीएलएल म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला मात्र होते.

तेव्हा योग्य मार्ग कोणता? पहिली पायरी निदानाची. पडद्यावरील संदेशात एका फाइलीचे नाव असते, पण ती पहिली हरवलेली फाइल असते, एकमेव नव्हे. एक लायब्ररी दुसरीवर आणि दुसरी तिसरीवर अवलंबून असते. कधी तर ज्या फाइलीची तक्रार आहे ती जागेवर असते; ती जिच्यावर अवलंबून आहे ती नसते. म्हणून अवलंबित्वाची संपूर्ण यादी काढावी. डिपेन्डन्सी वॉकर हे जुने साधन या कामी प्रसिद्ध होते. मात्र ते नव्या विंडोजच्या काही रचना ओळखत नसल्याने निष्कारण फाइली हरवल्याचे दाखविते, हे ध्यानात ठेवावे. व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारी डम्पबिन ही आज्ञा प्रत्येक फाइलीच्या थेट गरजांची यादी देते. प्रत्यक्ष चालताना काय घडते ते पाहावयाचे असल्यास प्रोसेस मॉनिटर वापरावा. प्रोग्रामने कोणत्या फोल्डरमध्ये कोणती फाइल शोधली आणि कोठे 'नाव सापडले नाही' असे उत्तर मिळाले, ते तो ओळीने दाखवितो. मात्र हे निदान आटोपल्यावर कोरे यंत्र पूर्वस्थितीला न्यावे, कारण तपासणीचे साधनही आपले ठसे मागे ठेवते.

दुसरी पायरी शोधक्रम समजून घेण्याची. विंडोज लायब्ररी कोठेही शोधत नाही. तिचा क्रम ठरलेला आहे. प्रणालीच्या स्वतःच्या काही ठराविक फाइली वगळता, प्रथम प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर, मग सिस्टिम फोल्डर, मग विंडोज फोल्डर, त्यानंतर चालू फोल्डर आणि अखेरीस 'पाथ' या यादीतील फोल्डर. या क्रमातच आपले उत्तर आहे. प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर सर्वांआधी पाहिला जातो, मग तो नेटवर्कवर का असेना. म्हणून हरवलेली फाइल, अधिकृत संचातून घेतलेली, सामायिक फोल्डरमध्ये साधनाच्या शेजारी ठेवावी. आचाऱ्याने आपला झारा आपल्या पिशवीतून आणावा आणि जाताना घेऊन जावा. घर होते तसे रिकामे राहते आणि मोजणीत खोट येत नाही.

यात काही बारकावे आहेत. साधन ३२ बिटांचे असेल तर फाइलही ३२ बिटांचीच हवी. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये नावावरून उलटा समज होतो: 'सिस्टिम ३२' या फोल्डरमध्ये ६४ बिटांच्या फाइली असतात आणि ३२ बिटांच्या फाइली 'सिसवॉव ६४' मध्ये. नावावर भिस्त ठेवून फाइल उचलली, तर ती सापडूनही प्रोग्राम चालत नाही आणि शेवटी '७बी' असणारा त्रुटीक्रमांक पडद्यावर येतो. तसेच व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या २००५ आणि २००८ या आवृत्त्यांच्या बाबतीत नुसती फाइल शेजारी ठेवून भागत नाही. तिच्यासोबत मॅनिफेस्ट नावाचे वर्णनपत्रही लागते. २०१० पासूनच्या आवृत्त्यांत ही अट राहिली नाही. काही घटक तर नुसते जवळ असून चालत नाहीत, त्यांची रजिस्ट्रीत नोंदणी व्हावी लागते. ती नोंदणी करावयाचीच असेल, तर पहिल्या मोजणीच्या आधी करावी, म्हणजे ती पॅकेजमध्ये शिरणार नाही; आणि आपल्या सॉफ्टवेअरला तोच घटक लागत नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी.

नेटवर्कचेही काही सापळे आहेत. पुष्कळ जण सामायिक फोल्डरला एखादे ड्राइव्ह-अक्षर जोडतात. परंतु साधन प्रशासकाच्या वाढीव अधिकाराने चालविले, की सर्वसाधारण अधिकाराने जोडलेले ते अक्षर त्याला सहसा दिसत नाही. आणि फाइल असूनही 'नाही' असा निर्वाळा मिळतो. म्हणून सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण मार्गच लिहावा. आणखी एक गोष्ट: आज्ञांची खिडकी असा मार्ग चालू फोल्डर म्हणून स्वीकारीत नाही, ती विंडोज फोल्डरमध्ये जाऊन बसते. चालू फोल्डरवर विसंबून लिहिलेली बॅच फाइल त्यामुळे भलतीकडेच शोध घेते. 'पुशडी' ही आज्ञा वापरली तर ही अडचण दूर होते. आणि सामायिक फोल्डर वाचण्याचा अधिकार त्या वापरकर्त्याला आहे की नाही, ही साधी गोष्टही आधी पाहावी.

तिसरी पायरी पडताळणीची. जेथे पॅकेज तयार केले, तेथेच त्याची परीक्षा घेणे म्हणजे आपलीच उत्तरपत्रिका आपण तपासणे होय. आभासी यंत्राची सोय असल्याने कोऱ्या अवस्थेचे चित्र जपून ठेवता येते. पॅकेज तयार होताच दुसरे कोरे यंत्र उघडावे, ज्यावर साधन नाही आणि त्याच्या लायब्ररीही नाहीत, आणि तेथे पॅकेज बसवून पाहावे. तेथे चालले तरच ते बाहेर जाऊ द्यावे.

येथे कोणी विचारील की, रनटाइम संच कोऱ्या यंत्रावर कधीच असू नये काय? तसे नाही. तो संच स्वतंत्र पॅकेज म्हणून कार्यालयातील प्रत्येक यंत्रावर आधीच बसविण्याची पद्धत असेल, तर कोऱ्या यंत्रावरही तो असावा. किंबहुना तसाच असावा, आणि आपल्या पॅकेजच्या कागदावर 'पूर्वअट' म्हणून त्याची स्पष्ट नोंद असावी. कोरे यंत्र म्हणजे ओसाड यंत्र नव्हे. ज्या यंत्रांवर सॉफ्टवेअर जावयाचे, त्यांचे ते प्रामाणिक प्रतिरूप असले पाहिजे. माझी चूक संच बसविला ही नव्हती; जो संच इतरत्र नाही तो येथे बसविला आणि त्याची नोंद केली नाही, ही होती.

मित्रहो, आपल्या कामाचे वैशिष्ट्य असे की ते नीट झाले तर कोणाच्याच लक्षात येत नाही. देवळातील भांडी जागच्या जागी आहेत, म्हणून कोणी आभार मानावयास येत नाही. पण ती मोजून ठेवणारा कोणीतरी असतो, म्हणूनच गावातील कार्ये निर्विघ्न पार पडतात. पुढच्या वेळी पडद्यावर 'फाइल नाही' असे शब्द आले, तर ती फाइल कोठे नाही, कोणाला हवी आहे आणि ती कोठे ठेवल्याने मोजणी बिघडणार नाही, हे तीन प्रश्न स्वतःस विचारा आणि मगच हात चालवा. त्या पाच मिनिटांच्या विचारावर खिडकीपाशी उभ्या असलेल्या कोणा अनोळखी माणसाचा सबंध दिवस अवलंबून आहे.