त्यांच्याविषयी बोललेले त्यांना आवडते का?

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा फार तर आपल्या सीमाभागातील मराठीवर बोलावे, अशी अपेक्षा असते. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मीही तसेच काही सांगितले होते. पुढे तो बदलला, आणि त्याचे कारण घरगुती आहे. माझा एक भाचा आहे, वय वर्षे सव्वीस. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून रेल्वेची जुनी वेळापत्रके वाचताना तुमच्यापैकी काहींनी त्याला पाहिले असेल. तो स्वमग्न आहे. ‘तुझ्याविषयी बोलू का?’ असे मी त्याला विचारले. त्याने थोडा वेळ घेतला आणि दोन अटी घातल्या. नाव सांगायचे नाही आणि फोटो दाखवायचा नाही. ज्यांना नाव ठाऊक आहे त्यांनीही ते येथे उच्चारू नये, एवढी विनंती करून मी विषयाकडे वळतो.

प्रश्न माझा नाही, माझ्या ताईचा आहे. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, “अरे, याच्यासारख्यांवर मोबाइलवर इतके व्हिडिओ येतात. ते पाहून याला बरं वाटेल का?” तेव्हा मी चटकन ‘हो’ म्हणालो. आपल्यासारखे कुणीतरी आहे हे कळल्यावर कोणाला बरे वाटणार नाही? पुस्तकांवर पोसलेल्या माणसाचे ते उत्तर होते. ते बरेचसे अपुरे निघाले.

आमचा धंदा शब्दांचा, म्हणून आधी शब्द पाहू. ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हे नाव स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवले, तेही एका वेगळ्याच मनोविकाराचे लक्षण सांगण्यासाठी. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि तो शब्द या मुलांना कायमचा चिकटला. मराठीत त्याची ‘स्वमग्नता’ झाली. हिंदीत १९९९च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या नावातच ‘स्वपरायणता’ आहे. आपण बुऱ्हाणपूरकर, आपले घर मराठीत चालते आणि कचेरी हिंदीत. त्यामुळे माझा भाचा घरी स्वमग्न आणि कचेरीत स्वपरायण! गंमत अशी की ‘ध्यानमग्न’, ‘कर्तव्यपरायण’ हे शब्द आपण गौरवाने वापरतो. मागे ‘स्व’ लागला की त्याच शब्दांना दोषाचा वास येतो. हा माणूस दार लावून आत बसला आहे, असे दोन्ही शब्द सांगतात. नावे ठेवणारे सगळे दाराच्या बाहेर उभे होते, हे मात्र आपण विसरतो.

माणूस खरोखर स्वतःत बुडालेला असेल, तर तो अनोळखी लोकांसाठी आपली रोजनिशी कॅमेऱ्यापुढे कशाला सांगत बसेल? आज जगभर असे असंख्य स्वमग्न स्त्रीपुरुष आहेत. दुकानातले दिवे डोळ्यांना कसे खुपतात, समोरच्याच्या डोळ्यांत पाहताना त्याचे शब्द कसे निसटतात, वर्गात इतरांना ऐकूही न येणारी पंख्याची करकर डोक्यात कशी घुसते, हे ते सांगतात. हे पाहणारे कोण असतात? विकारनिदान करणारे डॉक्टर असतात, आईवडील असतात आणि स्वमग्न माणसेही असतात. ज्यांना चाळीस-पन्नास वर्षे आपल्यात काही वेगळे आहे एवढेच कळत होते आणि त्याला नाव नव्हते, अशा अनेकांना पहिली ओळख डॉक्टरांच्या खोलीत न पटता अशा एखाद्या चित्रफितीत पटली आहे. त्यांच्यापुरते ताईच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच आहे.

पण माझ्या भाच्याच्या बाबतीत काय झाले ते सांगतो. त्यात माझी चूक आहे. २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागृती दिन. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार तो २००८पासून पाळला जातो. त्या दिवशी फिरत आलेली एक चित्रफीत मी त्याला मोठ्या उत्साहाने दाखवली. मागे हळवे संगीत होते, एक आई बोलता बोलता रडत होती, आणि तिचा मुलगा पाठमोरा झुलत होता. मिनिटभर पाहून भाच्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. म्हणाला, “ती आई रडते.” नंतर बराच वेळ गप्प. मग विचारले, “माझी आई पण?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही. ती चित्रफीत त्याच्याविषयी होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती. ती माझ्याशी बोलत होती. माझे डोळे पाणावावेत यासाठी ती केलेली होती, आणि ते पाणावलेही होते. तो मध्येच येऊन आपल्याविषयीचे बोलणे ऐकून गेला, इतकेच.

दुसरी चूक याहून मोठी. पंजाब मेल स्टेशनात शिरताना तो आनंदाने दोन्ही हात फडफडवतो. एकदा मी त्याचे चित्रण केले आणि कुटुंबाच्या गटात पाठवले. कौतुकाचा वर्षाव झाला. महिन्याभराने ते त्याच्या दृष्टीस पडले. “मला विचारलं नाही,” एवढेच तो म्हणाला. मी ते माझ्या मोबाइलमधून पुसले. ते आणखी कोणाकोणाच्या मोबाइलमध्ये आहे, हे मला ठाऊक नाही.

अशी तक्रार करणारा तो पहिलाच नव्हे, हे नंतर वाचनातून कळले. जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने १९९३ साली टोरांटोच्या परिषदेत आईवडिलांपुढे भाषण केले होते. त्याचा आशय असा की तुमचा शोक तुम्ही मनात कल्पिलेल्या आणि न जन्मलेल्या मुलासाठी आहे; तो अवश्य करा, पण जे मूल समोर जिवंत उभे आहे त्याच्यावर सुतक लादू नका. २००६ साली अमेरिकेत ‘ऑटिझम एव्हरी डे’ नावाचा लघुपट निघाला. त्यात एक आई सांगते की मुलीला गाडीत घालून पुलावरून खाली जावे, असा विचार एकदा मनात आला होता. ती मुलगी त्याच खोलीत वावरत होती. स्वमग्न प्रौढांनी या लघुपटावर तीव्र हरकत घेतली. मी त्या आईला दोष द्यायला धजत नाही. ताईच्या अनेक रात्री मी पाहिल्या आहेत, आणि मदत मागायची तर दुःख दाखवावे लागते, हा आपल्या समाजाचा रिवाज आहे. पण खोलीत मुलगी होती, तिला कान होते, ही गोष्ट उरतेच.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २००७मध्ये, मेल बॅग्ज या अमेरिकन स्वमग्न व्यक्तीने ‘इन माय लँग्वेज’ नावाची साडेआठ मिनिटांची चित्रफीत प्रसिद्ध केली. पहिली तीन मिनिटे तीत एकही शब्द नाही. एक माणूस खिडकीपुढे झुलतो, एका सुरात गुणगुणतो, वस्तूंवरून बोटे फिरवतो, उघड्या पुस्तकात तोंड खुपसतो, नळाच्या धारेखाली हात धरतो. मग पडद्यावर ‘अनुवाद’ असा शब्द येतो आणि टंकलेला मजकूर यंत्राच्या आवाजात वाचला जातो. त्याचे सार असे: आधी पाहिलेत ती माझी मातृभाषा आहे. त्यातल्या पाण्याचा काही गूढार्थ नाही. मी पाण्याशी आणि पाणी माझ्याशी वागत आहे, इतकेच. मी भोवतालच्या प्रत्येक वस्तूला प्रतिसाद देत असते तेव्हा लोक म्हणतात, ही आपल्याच जगात आहे. आणि मोजक्याच गोष्टींना प्रतिसाद दिला की म्हणतात, आता ही जगाकडे वळली. बॅग्ज यांच्या निदानाविषयी पुढे वाद झाले. २०२० साली त्यांचे निधन झाले. पण ‘स्वमग्न’ या शब्दाला इतके सरळ उत्तर मी अन्यत्र वाचलेले नाही.

ही चित्रफीत भाच्याला दाखवावी की नाही, यावर मी आठवडाभर घुटमळलो. या वेळी आधी विचारले. त्याने विचारले, “रडतात का?” मी नाही म्हणालो. पहिली तीन मिनिटे त्याने अगदी स्थिर बसून पाहिली. यंत्राचा आवाज सुरू होताच त्याने चित्रफीत मागे नेली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. असे चार वेळा झाले. नळाच्या जागी तो दरवेळी स्वतःची बोटे हलकेच हलवी. ‘अनुवाद’ त्याने एकदाही ऐकला नाही. तो माझ्यासाठी होता. त्याला त्याची गरज नव्हती.

येथे मला माझ्या वर्गातली एक आठवण सांगितली पाहिजे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. ही आत्मकथने मी अनेक वर्षे शिकवली. मध्यमवर्गीय मुले सुन्न होत, निबंधात भरभरून लिहीत. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा तासानंतर म्हणाला, “सर, हे आमच्या घरात घडलेलं आहे. मी ते परीक्षेसाठी कशाला वाचू?” त्याच वर्गातील एका मुलीने मात्र तेच पुस्तक माझ्याकडून नेले आणि दोन महिने परत केले नाही. आईला रोज रात्री थोडे थोडे वाचून दाखवत होते, असे तिने सांगितले. दोघेही एकाच वस्तीतले. आपले आयुष्य पुस्तकात पाहावेसे वाटणे जितके खरे, तितकेच ते न पाहावेसे वाटणे खरे. मी त्या मुलाला तेव्हा काहीतरी उपदेश केला होता. आज केला नसता.

संशोधकांनीही या प्रश्नाच्या आसपास हात घातला आहे. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, असे पूर्वी धरून चालत. डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकांनी २०१२ साली म्हटले की हा आंधळेपणा दुहेरी आहे. आपल्यालाही त्यांचे मन कळत नाही. पुढे २०२० साली ब्रिटनमधील एका गटाने ७२ प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपली मुले एकमेकांच्या कानात निरोप सांगण्याचा खेळ खेळतात, त्याच धर्तीवर आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे पाठवली. केवळ स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली. मिश्र साखळीत अधिक गळली. नंतर तीनशेहून अधिक माणसांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळ्याही तितक्याच भरवशाच्या ठरल्या. म्हणजे त्यांचे त्यांनाच कळते, असाही सोयीस्कर निष्कर्ष आपल्याला काढता येणार नाही. आपल्यालाही कळू शकते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आपल्याकडे ‘चौकट राजा’ १९९१ साली पाहून आपण सारे रडलो. दिलीप प्रभावळकरांचे काम उत्तमच होते. तो विषय स्वमग्नतेचा नव्हता हे खरे, पण तो चित्रपट आपल्यासाठी होता, नंदूसारख्यांसाठी नव्हता. ‘यलो’ या २०१४च्या चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली. तेवढे अंतर काटायला आपल्याला तेवीस वर्षे लागली.

ताईला आता मी काय सांगतो? आधी आवाज पाहा, असे सांगतो. जागृतीच्या पुष्कळ चित्रफिती इतक्या झगमगाटाच्या आणि गोंगाटाच्या असतात की ज्यांच्यासाठी त्या केल्या असे म्हणतात त्यांनाच त्या सोसवत नाहीत. बोलणारा कोण आहे आणि तो कोणाकडे पाहून बोलतो आहे, ते पाहा. आणि त्याने बंद केली तर बंद राहू दे. कारण खरे सांगायचे तर भाच्याला स्वमग्नतेत फारसा रसच नाही. इंजिनाच्या खोलीतून केलेले भुसावळ ते खंडवा असे अखंड चित्रण तो रोज पाहतो. त्यात माणूस नाही, बोलणे नाही. रूळ आहेत, खांब आहेत, मध्येच आपले स्टेशन येऊन जाते. मधुमेह झालेल्या माणसाने सदैव मधुमेहावरची पुस्तकेच वाचावीत, असे आपण म्हणत नाही. हे साधे स्वातंत्र्य आपण या मुलांना द्यायला कचरतो. त्यांच्या प्रत्येक आवडीत आपल्याला लक्षण दिसते.

वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती करतो. वाचनकक्षातल्या खिडकीजवळच्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो. तुम्हाला तो ऐकू येत नसेल. मलाही येत नाही. पण त्यामुळे तो संध्याकाळी सहानंतर तेथे बसत नाही. तेवढा बदलून घ्यावा.

आज तो सभागृहात नाही. व्याख्यान किती मिनिटांचे आहे, असे त्याने विचारले. मी चाळीस म्हणालो. लाउडस्पीकर आहे का, असे विचारले. मी हो म्हणालो. तेव्हा तो स्टेशनवर जाऊन बसला आहे. काय बोललो ते मी त्याला जाऊन सांगायचे, असे ठरले आहे, आणि मधल्या गाडीच्या आधी मला तेथे पोहोचायला हवे. गाडी आल्यावर तो माझे ऐकणार नाही.