मक्ता कचऱ्याचा



कचऱ्यासाठी कोणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडेल, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. अमेरिकेत मात्र ही भांडणं शंभर वर्षांहून जुनी आहेत. शहराच्या कचऱ्याचा मक्ता नगरपालिकेने एकालाच दिला, तर तो कायद्यात बसतो का, हा त्यांतला मूळ प्रश्न.

पहिला मोठा निकाल १९०५ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथे कचरा जाळण्याचा मक्ता पन्नास वर्षांसाठी दिलेला होता. गावचा कचरा मक्तेदाराच्याच भट्टीवर न्यायचा आणि वर घनयार्डाला वीस सेंटपर्यंत पैसेही त्यालाच मोजायचे! विरोधक म्हणाले, या कचऱ्यात विकण्याजोगा मालही असतो. तो फुकट काढून घेणं हा आमच्या मालमत्तेवर घाला आहे. कोर्टाला ते पटलं नाही. रोगराई रोखणं ही शहराची जबाबदारी, आणि त्यापायी कोणाचा थोडा माल गेला तर त्याची भरपाई मागता येणार नाही, असा निकाल लागला.

म्हणजे मक्ता टिकला तो आरोग्याच्या नावावर. पण पुढे आरोग्याच्या आडून पैशाचा हिशेब आला, आणि खरी गंमत तिथे सुरू झाली.

न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्क्सटाउन गावाला आपला कचरा डेपो बंद करावा लागला. कचरा गोळा करून पुढे धाडण्यासाठी नवं केंद्र हवं होतं. खर्च सुमारे चौदा लाख डॉलर. एका खासगी ठेकेदाराने ते बांधलं. पाच वर्षं चालवायचं आणि मग एका डॉलरला गावाला विकायचं, असा करार झाला. बदल्यात गावाने त्याला वर्षाला १,२०,००० टन कचऱ्याची हमी दिली, टनाला ८१ डॉलर दराने. बाजारात याहून स्वस्तात काम होत होतं. मग ठेकेदाराकडे कचरा जाणार कसा? गावाने नियमच केला : सगळा कचरा याच केंद्रावर आला पाहिजे.

कार्बोन नावाच्या कंपनीचं स्वतःचं पुनर्वापर केंद्र होतं. तिथला उरलासुरला कचराही गावाच्या केंद्रावर नेणं तिला भाग होतं. मार्च १९९१ मध्ये तिथून निघालेला एक ट्रेलर महामार्गावरच्या पुलाला धडकला. पोलिसांनी पाहिलं, तर आत कचऱ्याचे २३ गठ्ठे, आणि गाडी चालली होती थेट इंडियाना राज्यात! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी नियम रद्द झाला. केंद्राला पैसा हवा तर कर लावा, रोखे काढा. एका ठेकेदाराचं गिऱ्हाईक बांधून देण्यासाठी राज्याराज्यांतला व्यापार अडवू नका, असं कोर्टाचं म्हणणं. २००७ मध्ये मात्र तसाच नियम याच कोर्टाने उचलून धरला, कारण तिथली केंद्रं सार्वजनिक संस्थेच्या मालकीची होती.

त्याच १९९४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक रेघ ओढली. रँचो मिराज शहराने एका कंपनीला कचऱ्याचा मक्ता दिला होता. दुसरी कंपनी दुकानदारांकडून पुठ्ठा, डबे वगैरे विकत घेत होती. कोर्ट म्हणालं, मालक जे विकतो ते त्याने टाकलेलं नसतं. म्हणून ते मक्त्यात येत नाही. तेच मोबदल्याशिवाय टाकून दिलं, किंवा न्यायला पैसे दिले, तर मात्र तो कचरा.

हा मुद्दा आपल्या दाराशीही आहे. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ संस्थेचे कचरावेचक महापालिकेशी करार करून घरोघर कचरा उचलतात. सुका कचरा वेगळा काढून विकायचा आणि त्यावर घर चालवायचं, हा त्यांच्या कमाईचा मोठा आधार. उद्या कोणत्याही शहरात उचलण्यापासून विल्हेवाटीपर्यंत सगळं एकाच कंपनीला दिलं, तर हा मालही तिच्याच गाडीत जाईल.

म्हणून कचऱ्याची निविदा निघाली की नुसता टनाचा दर पाहू नका. कचऱ्याच्या टनांची हमी दिली आहे का, ती कमी पडली तर भुर्दंड कोणावर, आणि सुका माल विकण्याचा हक्क कोणाचा, ही तीन कलमं आधी वाचा. करारावर सही झाल्यावर ती वाचायची वेळ आली, तर वाचणारा वकील असतो आणि त्याची फी आपण भरतो.